खोटी नम्रता आणि खरें माप

मनुष्यास स्तुति गोड लागते, हें सांगावयास कोणा शास्त्र्यापंडिताची गरज नाहीं. रांगतें मूल पहिलें पाऊल टाकतें तेव्हां तें आधीं आईच्या तोंडाकडे पाहतें. शाळेंतला पोर बरोबर आलेली बेरीज पुसण्यापूर्वीं पाटी एकदां गुरुजींच्या डोळ्यांसमोर धरतो. आमच्या शेतकरी बंधूंनीं तर ही गोष्ट जनावराच्या बाबतींतही ओळखली आहे. वर्षभर मानेवर जूं घेणाऱ्या बैलास ते पोळ्याच्या दिवशीं न्हाऊं घालतात, त्याचीं शिंगें रंगवितात, त्यास गांवांतून मिरवितात व पुरणपोळीचा घांस देतात. बैलाला त्यांतलें किती कळतें तें बैलच जाणे. पण धन्याला तें केल्यावांचून चैन पडत नाहीं. सारांश, आपल्या कामाची कोणीं तरी कदर करावी ही भूक पोटाच्या भुकेसारखीच आहे. तिची लाज धरण्याचें कारण नाहीं. लाज धरावी ती, भूक नाहीं म्हणून सांगावयाचें आणि दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवावयाचा, या संवयीची. आज आम्ही या संवयीविषयीं चार शब्द लिहिणार आहों. कारण ती दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं, आणि तिचा भुर्दंड शेवटीं कष्ट करणाऱ्या घरांनाच बसतो.

आधीं एक घडलेली हकीकत सांगतों. ज्या गांवीं आम्ही मुलांस शिकवितों तेथें कांहीं वर्षांपूर्वीं शाळेस एक खोली कमी पडत होती. तिसरी व चौथी हे दोन वर्ग एकाच छपराखालीं पाठीला पाठ लावून बसत. इकडे पाढे चालले कीं तिकडची कविता बुडे. अखेर गांवानें मनावर घेतलें. कोणीं गाडीनें दगड आणला, कोणीं वाळू आणली. एका म्हाताऱ्या गवंड्यानें दोन महिने निम्म्या मजुरीवर भिंती उभ्या केल्या. सुतारानें दारा-खिडक्यांना घरचें लांकूड घातलें, लोहारानें बिजागऱ्या व गज करून दिले, आणि बायांनीं शेतावरून परत आल्यावर, चूल पेटविण्यापूर्वीं, बांधकामाला डोक्यावरून पाणी वाहिलें. रोख रक्कम कमी पडली ती गांवांतल्या एका वजनदार गृहस्थांनीं भरली. ती त्यांनीं भरली नसती तर छप्पर चढलें नसतें, हेंही खरें आहे व तें आम्ही येथें मुद्दाम लिहून ठेवितों.

खोली उघडण्याच्या दिवशीं मंडप पडला. हार झाले, शाल झाली, श्रीफळ झालें. गृहस्थ बोलावयास उभे राहिले व म्हणाले, “मी कांहींच केलेलें नाहीं. मी तुमच्या पायांची धूळ. हें सारें तुमचें आहे.” एवढें बोलून ते थांबले. कां थांबले तें मंडपांतल्या प्रत्येकास समजलें. लगेच एकानें उठून सांगितलें कीं, साहेब नसते तर ही खोली झालीच नसती. दुसऱ्यानें त्यावर ताण केली. टाळ्या पडल्या आणि गृहस्थांचा चेहरा खुलला. मग भिंतीवरील पाटीचा पडदा बाजूस सारला. संगमरवरी पाटीवर एकच नांव कोरलेलें होतें, आणि तें त्या पायांच्या धुळीचें होतें.

मंडप रिकामा होऊं लागला तेव्हां आम्हीं त्या गवंड्यास गांठलें. तो आपणच बांधलेल्या भिंतीस टेकून चहा पीत होता. “बाबा, काम फार चांगलें झालें,” असें आम्ही म्हणालों. त्यानें बशी खालीं ठेविली, अंगावरचें उपरणें सारखें केलें व तो म्हणाला, “आमी काय केलं गुरुजी? नुसता हात लावला.”

वाचकहो, वाक्य एकच आहे, पण तें दोन तोंडांतून निघालें. ‘मी कांहीं केलें नाहीं’ असें गृहस्थ म्हणाले, कारण कोणी तरी उलट उत्तर देईल याची त्यांस खात्री होती. ‘मी कांहीं केलें नाहीं’ असें गवंडी म्हणाला, कारण उलट उत्तर कोणीच देणार नाहीं याची त्यास खात्री होती. दोन्ही बोलणीं खोटीं. एकाच्या खोट्यानें त्याचें नांव दगडावर चढलें, आणि दुसऱ्याच्या खोट्यानें त्याचें नांव दगडावरून गेलें. आणि आणखी एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. त्या पाटीवरचा मजकूर आम्हींच लिहून दिला होता.

दुसऱ्यास नांवें ठेवण्याआधीं घरची झडती द्यावी हें बरें. एकदां शाळेची तपासणी होती. साहेबांनीं मुलांस प्रश्न घातले, मुलांनीं चटाचट उत्तरें दिलीं, आणि साहेब संतोषून म्हणाले, “गुरुजी, तुम्हीं शाळा छान तयार केली आहे.” आम्हीं लागलीच हात जोडले व म्हटलें, “आमचें त्यांत कांहीं नाहीं, मुलेंच हुषार आहेत.” साहेब भोळे निघाले. त्यांनीं तें खरेंच मानलें आणि शेरेबुकांत मुलें हुषार असल्याचें लिहून ते निघून गेले. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आमची अपेक्षा अशी होती कीं, साहेबांनीं ‘छे छे, श्रेय तुमचेंच’ असें म्हणावें. म्हणजे एकाच कामाची स्तुति दोनदां पदरांत पडली असती. दोनदां घ्यावयास गेलों आणि एकदांची होती तीही गेली. त्या रात्रीं आम्हांस आमची नम्रता किती खोल आहे तें कळलें.

घराघरांतून चालणारा शिष्टाचार मात्र यांत धरूं नये. पाहुणा जेवावयास बसला म्हणजे घरची बाई ‘आज भाजीला चवच नाहीं’ असें म्हणते, आणि पाहुणा ‘वहिनी, अशी भाजी कधीं खाल्ली नव्हती’ असें म्हणून आणखी वाढून घेतो. यांत कोणी फसत नाहीं. भाजी कशी आहे तें दोघांस ठाऊक असतें. हा बोलण्याचा रिवाज आहे व त्यांत गोडी आहे.

परंतु हीच गोष्ट चौकांत गेली कीं तिचें रूप पालटतें. आज कोणत्याही तालुक्याच्या गांवीं जा. रस्त्यावर दोन पुरुष उंचीचे वाढदिवसाचे फलक लागलेले दिसतील. वर हात जोडलेला भला मोठा फोटो, आणि खालीं ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ’. समस्त ग्रामस्थांस विचारावें तर फलक लागेपर्यंत त्यांस वाढदिवसाचा पत्ता नसतो. फलकाचे पैसे कोणाच्या खिशांतून गेले तें छापणाऱ्यास विचारा म्हणजे कळेल. जोडलेले हात हे आतां नमस्काराचे राहिले नसून मागण्याचे झाले आहेत. आणि ज्यानें स्वतःची स्तुति रोख पैसे देऊन विकत घेतली तो ते पैसे उद्यां कोठून वसूल करील, याचा विचार शेतकऱ्यानें करावा. रस्त्याचें, पाण्याचें, शाळेचें काम ज्या रकमेंतून व्हावयाचें, तिला पाय फुटतात ते बहुधा याच वाटेनें.

देवळांतही तोच प्रकार. पंढरीस विठ्ठलाच्या महाद्वारांत नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्या माथ्यावर पडावी म्हणून नामदेव महाराज त्या पायरीशीं राहिले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. शिंप्याच्या घरांतल्या त्या पुरुषाचें नांव घेऊन आज गांवोगांव देवळांच्या पायऱ्यांवर व फरशांवर देणगीदारांचीं नांवें कोरलेलीं दिसतात. नांव भाविकांच्या पायांखालीं यावें ही नम्रता. पण नांवापुढें देणगीचा आंकडाही ठळक कोरलेला असतो. पायांखालीं पडूं इच्छिणाऱ्यास आंकडा कशाला हवा? शिवाय, ती फरशी खाणींतून काढणारा वडार, ती घडविणारा पाथरवट आणि ती बसविणारा गवंडी यांचीं नांवें कोणत्याही फरशीवर नसतात. त्यांनीं फक्त हात लावलेला असतो.

आतां दुसऱ्या खोट्या नम्रतेकडे वळूं, कारण आमचा खरा जिव्हाळा तिकडे आहे. सुतारास विचारा, “दाराचे किती झाले?” तो म्हणतो, “द्या काय द्यायचं ते, तुमाला काय सांगायचं.” आणि देणारा लगेच त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, “तुझ्यासारखा कारागीर पंचक्रोशींत नाहीं,” व मजुरी मात्र कमी देतो. स्तुति ही येथें पैशाच्या ठिकाणीं वापरलेलें नाणें होय. थाप फुकट मिळते आणि वाण्याच्या दुकानीं ती चालत नाहीं. बाजारांत माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची गोष्टही तशीच. “पाटील, तुमच्या मालाला तोड नाहीं,” असें ज्यानें आधीं म्हटलें, तोच पुढें भाव पाडतो. आणि आमचा बंधु इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाशीं घासाघीस कशी करावी म्हणून गप्प बसतो. खताचा, बियाणाचा, पाण्याचा, स्वतःच्या व बायकोच्या कष्टाचा हिशेब त्याच्या पोटांत असतो, पण तो ओठांवर येत नाहीं.

घरधनिणीचें तर विचारूंच नका. पहांटे उठून झाडलोट, पाणी, भाकरी, गुरांचें शेणमूत. मग दिवसभर खुरपणी किंवा वेचणी. संध्याकाळीं पुन्हां चूल. आम्ही शाळेच्या कागदावर पालकांचा धंदा लिहावयास बसतों तेव्हां हीच बाई लेंकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, “मी काय करतीय गुरुजी, घरीच असती.” आणि आम्ही तसेंच लिहितों. तिच्या कष्टाला त्या कागदावर जागा मिळत नाहीं, आणि तिचीं पोरेंही पुढें तेंच खरें मानून चालतात.

हें असें कां झालें? हा कांहीं जातीचा किंवा रक्ताचा गुण नव्हे. कित्येक पिढ्या गांवगाड्यांत कारागिराचें काम मोलानें मोजलें जात नसे. बलुतेदारानें वर्षभर नांगर, चाक, मोट, वहाण दुरुस्त करावी आणि सुगींत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याच्या धान्यासाठीं उभें राहावें. बलुतें हा त्याचा हक्क होता. पण तो हक्क हात पसरून घ्यावा लागे. ‘मी इतके दिवस राबलों, इतकें द्या,’ असें म्हणणारा उर्मट ठरे. ‘मायबाप, आपली कृपा,’ असें म्हणणाऱ्याच्या पदरांत एखादी पायली जास्त पडे. जें बोलल्यानें पोट भरतें तें जिभेला वळण पडतें. बलुतें गेलें, खळ्यावरचें उभें राहणें गेलें. पण जिभेचें वळण राहिलें.

आणि आम्ही शिक्षकही या पापांत भागीदार आहों. ‘मी मी करूं नये’ हा धडा आम्ही सर्व मुलांस सारखाच शिकवितों. ज्याच्या घरीं पिढ्यान्पिढ्या ‘मी’ म्हणण्याची मुभा होती त्याला हा धडा कदाचित् उपयोगी पडेल. पण ज्याच्या आज्यानें जन्मांत कधीं ‘मी’ म्हटलें नाहीं, त्याला आधीं दुसरा धडा हवा. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकांत आम्ही ‘स्वभाव नम्र व शांत’ असा शेरा मारतों. तो शेरा आहे, कीं तिच्या तोंडावर आम्हींच ठेविलेला हात आहे, हें आतां आम्हांस पडताळून पाहिलें पाहिजे.

तर मग खरी नम्रता कशी असते? रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची एक पायरी आहे. गड बांधून काढणाऱ्या हिरोजी इंदुलकराचें नांव तिच्यावर कोरलेलें आहे व तो सेवेस तत्पर असल्याचें त्यांत म्हटलें आहे. शिवाजी महाराजांनीं काय हवें तें माग म्हटलें असतां त्यानें धन न मागतां, महाराज दर्शनास येतील तेव्हां त्यांचे पाय जिला लागतील अशी नांवाची पायरी मागितली, अशी कथा सांगतात. ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. पण त्याच देवळाशीं शके १५९६ चा, म्हणजे इसवी सन १६७४ चा, दुसरा मोठा शिलालेख आहे, तो फारसा कोणी सांगत नाहीं. त्यांत विहिरी, तळीं, बागा, खांब, हत्तीशाळा, राजवाडे असें काय काय बांधलें याची गणना आहे, आणि बांधणारा म्हणून हिरोजीचें नांव आहे. म्हणजे पाहा, हिरोजीनें ‘मी कांहीं केलें नाहीं’ असें म्हटलेलें नाहीं. काम जितकें झालें तितकें भिंतीवर मांडलें, आणि नांव पायरीशीं ठेविलें. पायरीवर देणगीचा आंकडा नाहीं, आणि भिंतीवर खोटा संकोच नाहीं.

दुसरें उदाहरण जोतीराव फुले यांचें. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं त्यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें आपलें निवेदन ठेविलें. त्यांत त्यांनीं आरंभींच सांगितलें कीं, आपला अनुभव मुख्यत्वें पुणें व आसपासच्या खेड्यांपुरता आहे. नंतर आपण मुलींसाठीं शाळा काढली हें सांगितलें, आणि त्या शाळेंत आपण व आपली पत्नी अशा दोघांनीं मिळून पुष्कळ वर्षें काम केलें हेंही सांगितलें. निवेदनाखालीं त्यांनीं स्वतःस व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर म्हणविलें. या चार ओळींत खऱ्या नम्रतेचीं तिन्ही अंगें आलीं. अनुभवाची हद्द सांगितली, केलेलें काम न लपवितां सांगितलें, आणि सावित्रीबाईंचा वाटा त्याच वाक्यांत सांगितला. पायांची धूळ वगैरे भाषा त्यांत कोठेंही नाहीं. पुढें ११ मे १८८८ रोजीं मुंबईस लोकांनीं जमून त्यांस ‘महात्मा’ म्हटलें. ज्यानें मापानें बोलावें त्यास लोकांनीं हात भरून द्यावें, हीच खरी रीत.

ज्यास खरोखरच स्तुति नको असते त्याची ओळख तर अगदीं सोपी आहे. गाडगे महाराज १९५६ सालीं वारले. ते पायां पडूं देत नसत, कोणास शिष्य म्हणवीत नसत, आणि कीर्तनास गेलेल्या गांवचे रस्ते आधीं खराट्यानें झाडीत. त्यांच्या नांवानें सरकारनें २००० सालच्या सुमारास ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली व तिच्यांत पुष्कळ गांवांनीं चांगलें काम केलें. पण खराटा हातीं धरून फोटो निघेपर्यंतच उभे राहणारेही तिनें पुष्कळ दाखविले. झाडणारा खालीं पाहतो, आणि फोटोवाला समोर पाहतो. एवढ्यावरून पारख करावी.

आमचें सांगणें थोडक्यांत असें. कोणीं कामाचें विचारलें तर माप सांगा. किती दिवस, किती हात, किती खर्च, मजुरी किती. ‘द्या काय द्यायचें तें’ हें वाक्य घरांतून हद्दपार करा. कोणीं स्तुति केली तर ती एकदां सरळ घ्या, ‘होय, मन लावून केलें’ म्हणा, आणि ज्यांनीं हातभार लावला त्यांचीं नांवें तेथेंच घ्या. दुसऱ्याची स्तुति कराल तेव्हां मोघम करूं नका. ‘फार थोर माणूस’ म्हणण्यापेक्षां ‘तुमच्या बांधानें यंदा आमची माती राहिली’ म्हणा, आणि तें त्याच्या तेराव्याला म्हणण्याऐवजीं तो जिवंत असतांना म्हणा. ज्यास घरांत व गांवांत वेळेवर कदर मिळते, त्यास ती फलक लावून विकत घ्यावी लागत नाहीं. स्तुतीच्या चोरट्या बाजाराचें मूळ, हक्काची स्तुति न मिळण्यांत आहे. आणि गांवांत कांहीं बांधाल तेव्हां पैसे देणाऱ्याच्या नांवाखालीं, त्याच आकाराच्या अक्षरांत, हात लावणाऱ्यांचींही नांवें घाला.

हें लिहिण्याचा अधिकार मिळावा म्हणून आम्हीं आधीं आपली चूक निस्तरली. गेल्या हिवाळ्यांत घरोघर जाऊन त्या खोलीला कोणीं दगड दिला, कोणीं पाणी वाहिलें, याची यादी केली. एकवीस नांवें निघालीं. कित्येक बायांनीं नांव सांगण्यास नकार दिला. तेव्हां त्यांच्या मुलांनीं सांगितलीं. रोख रक्कम देणाऱ्या गृहस्थांस विचारलें, ते घटकाभर गप्प बसले आणि मग म्हणाले, “लावा.” हेंही आम्हांस नमूद केलें पाहिजे. जुन्या पाटीखालीं साध्या काळ्या फरशीवर तीं नांवें रंगानें लिहिलीं. गवंड्याची नात आमच्याच शाळेंत दुसरींत आहे. तिनें बोट ठेवून आज्याचें नांव मोठ्यानें वाचलें. म्हातारा कांहीं वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला. आतां हा पुन्हां ‘नुसता हात लावला’ म्हणणार, असें आम्हांस वाटलें. पण तो भिंतीच्या कोपऱ्याकडे गेला, तिच्यावरून तळवा फिरविला आणि म्हणाला, “गुरुजी, नाव लिवलंत ते झ्याक झालं. पण हितं ओळंबा चुकलाय, बोटभर भिंत भायेर आलीय. ती बी माझीच. ते बी सांगा पोरांना.”

आम्हीं तें दुसऱ्या दिवशीं पोरांस सांगितलें, व आज वाचकांसही सांगितलें.